काकांना ‘मला हे पटत नाही’ कसं सांगायचं?

ताई, सलाम.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पास्टोरेट कमिटीत (कारभार पाहणाऱ्या समितीत) वयाने सगळ्यांत लहान. सेक्रेटरी तुमचे सख्खे मोठे काका. मंडळीतल्या एका मुलीने हिंदू मुलाशी रजिस्टर लग्न केलं, आता तिला बाळ झालंय आणि तिने बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी अर्ज दिला. काकांनी तो अर्ज चहा यायच्या आत नामंजूर करून घेतला. तुम्हाला ते पटलं नव्हतं, तरी तुम्ही मान डोलावलीत. मग रात्री साडेअकराला मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘परूशी अजून जिवंत आहेत’ असा मेसेज टाकलात (परूशी म्हणजे येशूच्या काळचे, नियमांवर बोट ठेवणारे यहूदी धर्मपंथीय), थोड्या वेळाने काढून टाकलात. तोवर ज्यांनी वाचायचा त्यांनी वाचला होता. आता काका बोलत नाहीत. आणि तुम्ही विचारताय: ख्रिस्ती माणसाने नम्र असावं, वडीलधाऱ्यांचा मान ठेवावा, तर विरोध करायचा कसा? बोलायची वेळ आली की हात थरथरतात, घसा कोरडा पडतो, म्हणजे माझा विश्वासच कमी आहे का?

मी नगर जिल्ह्यात आणि मराठवाड्यात पाळक, म्हणजे पास्टर, म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. कमिटीच्या बैठका पुष्कळ पाहिल्या, त्यांतून उठून गेलेली माणसंही पाहिली. त्या अनुभवावरून लिहितो. तुमची मंडळी कोणत्या पंथाची ते तुम्ही लिहिलेलं नाही, वर्णनावरून आपल्याकडच्या जुन्या मिशनच्या मंडळीसारखी वाटते. स्वतंत्र फेलोशिप असेल तर काही गोष्टी वेगळ्या होतील, कारण तिथे बहुतेक वेळा कमिटी नावालाच असते.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तोच बाकीच्यांची वाट अडवून बसलाय. भीती वाटणं म्हणजे अविश्वास नव्हे. छप्पन्नाव्या स्तोत्रात गाणारा म्हणतो की मला भीती वाटेल त्या वेळी मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. भीती वाटणारच नाही असं तो म्हणत नाही. आपल्याकडे अशा वेळी कोणीतरी हमखास योहानाच्या पहिल्या पत्रातलं ‘पूर्ण प्रीती भीती घालवून देते’ हे वचन तोंडावर मारतं. त्याच्या आधीचं वचन वाचा. तिथे न्यायाच्या दिवसाचं बोलणं चाललंय. देव मला शिक्षा करील ही भीती प्रीतीने जाते, असं योहान सांगतोय. काकांसमोर घसा कोरडा पडणार नाही, असं वचन त्याने कुणाला दिलेलं नाही.

शिवाय तुमची भीती निराधार नाही. शंभर-दीडशे घरांच्या मंडळीत प्रत्येकजण कुणाचा तरी मावसभाऊ असतो. मुलींची स्थळं तिथूनच येतात, मिशनच्या शाळेतली नोकरी तिथल्याच कुणाच्या शब्दावर मिळालेली असते, आजारपणात डबा तिथूनच येतो आणि शेवटी मातीही तिथल्याच दफनभूमीत. अशा ठिकाणी ‘मला पटत नाही’ म्हणणं आणि मोठ्या शहरात मैत्रिणीला म्हणणं यात फार अंतर आहे. म्हणून ‘घाबरतेस काय, बिनधास्त बोल’ असा सल्ला देणाऱ्यांचं फारसं ऐकू नका. त्यांना तिथे राहायचं नाही.

मात्र भीती नेमकी कशाची आहे, ते एकदा कागदावर लिहून काढा. मी माझ्याकडे येणाऱ्यांना हे करायला लावतो. सुरुवातीला सगळे ‘वाद होईल’ असं लिहितात. मग मी विचारतो, वाद झाला तर काय होईल? तेव्हा खरं बाहेर येतं: काका बाबांना बोलतील आणि बाबांना बीपी आहे. किंवा माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचंय. किंवा मला घमेंडखोर म्हणतील, आणि मला चांगली मुलगी म्हणवून घेण्याची सवय झालीय. या तिन्ही भीत्या वेगळ्या आहेत आणि तिन्हींवरचा उपायही वेगळा. पहिली असेल तर काकांकडे जाण्याआधी बाबांना विश्वासात घ्या. दुसरी असेल तर वेळ जपून निवडा, चार आठवडे थांबावं लागलं तरी हरकत नाही. तिसरी असेल तर ती मात्र सोडावी लागेल. नीतिसूत्रांत मनुष्याच्या भीतीला पाश म्हटलंय, ते बहुधा याच भीतीला उद्देशून.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. मीटिंगमधलं तुमचं गप्प बसणं आणि रात्रीचा मेसेज या तुम्हाला दोन उलट गोष्टी वाटतात. आधी भित्री होते, मग एकदम धीट झाले, असं तुम्ही लिहिलंय. मला त्या एकच वाटतात. दोन्ही वेळा काकांच्या डोळ्यांत बघून बोलणं तुम्ही टाळलंत. एकदा मान डोलावून, एकदा मोबाइलच्या आड जाऊन. मंडळीत जे लोक बोचरं बोलतात, टोमणे मारतात, निनावी पत्रं डायोसिसला, म्हणजे बिशपच्या कार्यालयाला, पाठवतात, ते धीट असतात असा आपला समज असतो. मी पाहिलेले बहुतेक घाबरलेले होते. आणि आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे प्रार्थनेतून टोला. ‘प्रभू, काही लोकांची अंतःकरणं कठीण झाली आहेत, त्यांना स्पर्श कर.’ सगळ्यांचे डोळे मिटलेले, तरी ‘काही लोक’ कुठल्या बाकावर बसलेत ते सगळ्यांना ठाऊक. ही प्रार्थना देवाला उद्देशून नसतेच.

म्हणून आधी भीती घालवू, मग प्रेमाने बोलू, असा क्रम लावून बसलात तर तो दिवस उगवणार नाही. माझ्या पाहण्यात क्रम उलटा आहे. समोरच्याचं भलं व्हावं हे मनापासून वाटायला लागलं की आपलं लक्ष स्वतःवरून हटतं, आणि भीती बोलण्याइतपत आटोक्यात येते. पूर्ण जात नाही. हात थरथरतातच, ते खिशात किंवा ओढणीत धरून बोलायचं. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना प्रेषित पौलाने म्हटलंय की देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेला नाही, तर सामर्थ्याचा, प्रीतीचा आणि संयमाचा. मला त्यात सामर्थ्याबरोबरच संयमही येतो याचं फार महत्त्व वाटतं. नुसतं सामर्थ्य घेऊन ग्रुपवर मेसेज टाकता येतो. संयम असेल तर माणूस काकांच्या घरी जातो.

आता काकांचं भलं म्हणजे काय, याचा विचार तुम्ही केलाय का? तुमच्या पत्रात काका निर्णय घेतात, ओरडतात, अबोला धरतात. ते कशाला घाबरतात हे एका ओळीतही नाही. मी त्या पिढीला ओळखतो. त्यांच्या आईवडलांनी ख्रिस्ती झाल्यावर पाणवठा बंद झालेला पाहिलाय, भावकीने टाकलेलं सोसलंय. इतकं देऊन उभी केलेली मंडळी आता एकेका लग्नाने विरघळून जाईल, नातवंडांना प्रभूची प्रार्थनाही येणार नाही, ही त्यांची धास्ती आहे. ती तुमच्या भीतीपेक्षा जुनी आहे, आणि अगदीच खोटीही नाही. दोन घाबरलेली माणसं समोरासमोर बसणार आहेत एवढं लक्षात ठेवून गेलात तर पहिलं वाक्य आपोआप बदलेल.

मूळ मुद्द्याचंही बोलू. नुसत्या प्रेमळ सुराने भागत नाही, मतभेदात दमही असावा लागतो. काका करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राचा सहावा अध्याय काढतील: विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर संबंध जडवून विजोड होऊ नका. ते वचन आहे आणि त्याला बगल देऊ नका. पण त्याच करिंथच्या मंडळीला त्याच पौलाने पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात लिहिलंय की नवरा विश्वासणारा नसेल आणि एकत्र राहायला राजी असेल तर बायकोने त्याला सोडू नये, आणि अशा घरातली मुलं पवित्र आहेत. म्हणजे लग्न करताना काय पाहावं हा एक प्रश्न झाला, आणि लग्न होऊन पाळण्यात बाळ आल्यावर मंडळीने काय करावं हा दुसरा. कमिटीने पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला दिलं, असं माझं मत. मी असतो तर आईला बोलावून विचारलं असतं की बाळाला विश्वासात कोण वाढवणार, घरच्यांची संमती आहे का, मंडळीतलं कोण तिच्या पाठीशी उभं राहील. उत्तरं ठीक असती तर बाप्तिस्मा दिला असता. काही चांगले पाळक थांबले असते, हेही सांगतो. त्यांना मी पाखंडी म्हणणार नाही.

इथे रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय आणि गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय शेजारी ठेवून वाचा. रोमच्या मंडळीत काय खावं, कुठला दिवस पाळावा यावर भांडण होतं. पौल म्हणतो, एकमेकांना दोष लावू नका, प्रत्येकाची आपल्या मनात पुरती खातरी असू द्या. अंत्युखिया शहरात मात्र तोच पौल येशूच्या प्रमुख शिष्याला, पेत्राला, सगळ्यांदेखत तोंडावर बोलला. का? पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर, एका पंक्तीला जेवत होता, यरुशलेमहून याकोबाकडची माणसं आल्यावर सुंता झालेल्या लोकांच्या भीतीने तो मागे सरला. भीतीने, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. त्याच्या मागोमाग इतर यहूदी गेले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा वाहवत गेला. म्हणजे पंक्तीतून उठवलं कोणाला तर जे आधीच बाहेरचे होते त्यांना. माझी कसोटी यावरूनच आलीय. मतभेद आवडीनिवडीचा किंवा रिवाजाचा असेल, पेटी-तबल्यावर भजन की गिटारवर, चपला बाहेर की आत, तर एकदा बोलून सोडून द्यावं. कुणीतरी तिसरं माणूस दाराबाहेर राहत असेल तर सोडू नये. तुमचा विषय मला दुसऱ्या प्रकारचा वाटतो, आणि म्हणूनच ‘जाऊ दे, शांती राखू’ हा सल्ला मी तुम्हाला देणार नाही.

पण पौल चारचौघांत बोलला म्हणून तुम्हीही ग्रुपवर बोलावं, असं नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूने क्रम सांगितलाय: आधी एकट्याने एकट्याकडे जा. तर असं करा.

ग्रुपवर आधी दोन ओळी टाका: ‘त्या रात्रीचा माझा मेसेज इथे टाकायला नको होता, शब्दही चुकीचे होते. सगळ्यांची, विशेषतः सेक्रेटरीसाहेबांची माफी मागते. विषयाबद्दल मी योग्य ठिकाणी बोलेन.’ बस. पुढे पाच जण हात जोडलेल्या इमोजी टाकतील, दोघे खोदून विचारतील. उत्तर देऊ नका. माफी जागेची आणि शब्दांची मागायची, मताची नाही. आपल्या मंडळ्यांत माफीबरोबर मतही गिळायची पद्धत आहे, आणि मग ते मत पुढच्या इलेक्शनला वर येतं.

मग काकांच्या घरी जा. रविवारी उपासनेनंतर मंडळीच्या पायऱ्यांवर नको, तिथे दहा कान असतात. रात्री नको. संध्याकाळी चहाच्या वेळी जा, आणि जमलं तर समोर बसण्याऐवजी शेजारी बसा, ओट्यावर किंवा बाकावर. नजर सतत भिडत नाही, त्यामुळे दोघांनाही सोपं जातं. चिठ्ठीवर चार ओळी लिहून न्या. पाहून वाचलंत तरी चालेल, काकांना सांगा, ‘मला बोलताना सुचत नाही म्हणून लिहून आणलंय.’ मी असं करणाऱ्यांना कोणी हसल्याचं पाहिलेलं नाही. उलट ऐकणारा जरा सावरून बसतो.

सुरुवात अशी काहीशी: ‘काका, मी मीटिंगमध्ये मान डोलावली, पण मला पटलं नव्हतं. ते तिथेच सांगायला हवं होतं. ग्रुपवर लिहिलं ते तर अगदीच वाईट झालं. माफ करा. पण तुमच्यापासून लपवून मला तुमच्या शेजारी बसायचं नाही, म्हणून आलेय.’ एवढं बोलून थांबा. काका कदाचित गप्प बसतील, कदाचित चिडतील. मग विचारा, ‘तुम्हाला या बाप्तिस्म्यात नेमकी कशाची काळजी वाटते?’ आणि खरोखर ऐका. याकोबाने ऐकायला तत्पर आणि बोलायला सावकाश असावं म्हटलंय. आपण नेमकं उलटं करतो, समोरचा बोलत असताना मनात पुढचं वचन शोधत बसतो. त्यांचं म्हणणं तुमच्या शब्दांत परत सांगा. ‘म्हणजे उद्या प्रत्येकजण असंच करील आणि आपण कुणाला काही म्हणू शकणार नाही, असं तुम्हाला वाटतं.’ ते ‘हो, तेच’ म्हणाले की मग तुमची बाजू मांडा. तीन-चार वाक्यांत. सातवा अध्याय, मुलं पवित्र आहेत हे वचन, आणि तुमची विनंती: अर्ज पुन्हा मीटिंगपुढे यावा आणि आईला बोलावून विचारावं.

काही वाक्यं टाळा. ‘देवाने मला दाखवलंय’ म्हणू नका, त्यावर समोरच्याला उत्तरच उरत नाही. ‘मी तुमच्यासाठी प्रार्थना करते’ हे एरवी चांगलं वाक्य, पण भांडणाच्या मध्ये ते शिवीसारखं लागतं. ‘सगळे तरुण माझ्या बाजूने आहेत’ हे तर मुळीच नको. तुम्ही पुतणी म्हणून गेलाय, शिष्टमंडळ घेऊन नाही.

काका लगेच मान्य करतील अशी आशा धरू नका. त्या दिवशी पटण्यापेक्षा संबंध तुटला नाही एवढं झालं तरी खूप. खरी कसोटी नंतरच्या दोन-तीन रविवारी लागते. मतभेद झाल्यावर आपल्याकडे माणसं बाक बदलतात, प्रभुभोजनाला मागून जातात, नाताळच्या फराळाचं ताट पाठवत नाहीत. तुम्ही नेहमीच्याच बाकावर बसा. काकूंना नेहमीसारखा फोन करा. काकांचा गुडघा कसा आहे ते विचारा, आणि त्या वेळी बाप्तिस्म्याचा विषय काढू नका. ‘हिचं मत वेगळं आहे, पण ही आपल्याला सोडून चाललेली नाही’ हे काकांना तुमच्या बोलण्यातून कळणार नाही, या नेहमीच्या वागण्यातून कळेल. विरोधाची भीती दोन्हीकडे याच अनुभवाने कमी होते. पुढच्या वेळी तुमचा घसा थोडा कमी कोरडा पडेल.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला अशा वेळी आठवतं. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी पाठीशी उभ्या राहिलेल्या. पुढची कित्येक वर्षं दोघींचं पत्रांतून भांडण चाललं: त्रैक्याचा सिद्धांत (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), मंडळीच्या अधिकाऱ्यांची सत्ता, सगळ्यांवर. रमाबाईंनी सरळ लिहिलं की एका पुरोहितवर्गाचं जू मी मोठ्या कष्टाने झुगारलंय, तसंच दुसरं मानेवर घेणार नाही. एवढं सुनावताना त्या जेराल्डिनना ‘आजीबाई’ म्हणत होत्या. आणि ज्या बाईंना ही पत्रं टोचली, त्यांनीच ती जपून ठेवली. १९७७ मध्ये ती छापून आली, मिळाली तर जरूर वाचा. त्या मतभेदात कुणी कुणाला पूर्ण पटवलं नाही.

आपल्या घरातलं आणखी एक सांगतो. उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे आपली सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या (चर्चसंस्था) एक होऊन झाली. त्यात लहान बाळांना बाप्तिस्मा देणारे होते आणि मोठेपणी विश्वास कबूल केल्यावरच द्यावा म्हणणारेही होते. वर्षानुवर्षं चर्चा झाली आणि शेवटी दोन्ही पद्धती मान्य करून ते एका मेजावर बसले. काकांना याची आठवण करून द्यायला हरकत नाही. बाप्तिस्म्यावरून मतभेद असलेली माणसं एका मंडळीत राहू शकतात, हे तुम्ही नव्याने काढलेलं खूळ नाही.

आता जिथे हा सल्ला लागू पडत नाही ते. मंडळीच्या पैशांचा किंवा जमिनीचा गैरव्यवहार असेल, कुणा लहान मुलाला किंवा बाईला त्रास दिला जात असेल, तर ‘एकट्याने एकट्याकडे जा’ हे धरून बसू नका. तिथे साक्षीदार घेऊन, लेखी, आणि गरज असेल तर थेट पोलिसांकडे. कुणी नवऱ्याच्या मारहाणीला ‘प्रेमाने समजाव’ असं सांगत असेल तर त्याचं ऐकू नका, तो पाळक असला तरी. आणि हात थरथरणं फक्त काकांपुढे नसून ऑफिसात, दुकानात, फोन उचलतानाही होत असेल, झोप उडाली असेल, तर प्रार्थना चालू ठेवून डॉक्टरांना दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तेव्हा इथवरचं असं: भीती कशाची ते लिहून काढा, ग्रुपवरची माफी मागा, काकांना एकट्यात भेटा, आधी ऐका, मग थोडक्यात बोला, आणि नंतर नेहमीसारखं वागा. काका ‘नाही’च म्हणाले तर पाळकसाहेबांना भेटून विषय पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर घ्यायची विनंती करा. मंडळीच्या घटनेत अशा अर्जाबद्दल काय लिहिलंय ते आधी स्वतः वाचा. कमिटीत अर्ध्या लोकांनी ती उघडलेली नसते. मीटिंगमध्ये ठराव पुन्हा तुमच्याविरुद्ध गेला तर एवढंच म्हणा: ‘माझा विरोध इतिवृत्तात नोंदवावा.’ आवाज चढवायची गरज नाही. नोंद झाली की दोन वर्षांनी येणाऱ्या पुढच्या अर्जाला ती उपयोगी पडते.

जाता जाता एक विचारतो. तुमचं पत्र मोठं आहे, काकांबद्दल आहे, भीतीबद्दल आहे. जिचा अर्ज फेटाळला ती मुलगी त्यानंतर कशी आहे, यावर एक शब्द नाही. तुम्ही तिला भेटलात का? तिला अर्ज नामंजूर झाल्याचं कोणी आणि कसं सांगितलं? काकांकडे जाण्याआधी तिच्याकडे जा, बाळाला बघून या. तुम्ही तिच्यासाठी पुन्हा बोलावं असं तिला वाटतं का, ते विचारा. कदाचित ती एव्हाना दुसऱ्या मंडळीत जात असेल, कदाचित सासरी आणखी तमाशा नको म्हणेल. तिने ‘नको’ म्हटलं तर कमिटीत तिचं नाव घेऊ नका, फक्त असे अर्ज आईला न बोलावता फेटाळायचे का एवढ्यावरच बोला.